टॅक्स नसलेल्या देशातल्या मॅडम

पगारावर टॅक्स नाही, या एका वाक्यावर भुलून आम्ही सगळे तिकडे गेलो. लग्नाच्या बोलणीतसुद्धा हे वाक्य असायचं. मुलाला इतके दिरहॅम, म्हणजे इतके रुपये, आणि वर टॅक्स नाही. मुलीकडचे मान डोलवायचे. अशा देशात राहून रोज सकाळी टॅक्ससाठी कंबर कसून बसणारी एकच व्यक्ती मी पाहिली, आणि ती नेमकी माझ्यासमोरच्या टेबलाशी बसायची.

दुबईत रास अल खोरला एका मोठ्या गोदामाला चिकटून आमचं ऑफिस होतं. नळ, शॉवर, फ्लशच्या टाक्या असा सगळा घाऊक माल. मॅडम तिथे फायनान्स मॅनेजर होत्या. मूळच्या वसईच्या, साठीला टेकलेल्या, उंच, मानेपर्यंत कापलेले पांढरे केस. बाहेर डांबर वितळत असताना त्यांच्या अंगात मरून रंगाचा स्वेटर असायचा, कारण आमच्या ऑफिसचा एसी मधोमध आणि त्यांची खुर्ची बरोबर त्याखाली. खुर्ची हलवा असं मालकांनी कितीदा सांगितलं. "माझ्या जागेचा प्रश्न नाहीये, एसी चुकीच्या जागी बसवलाय," असं त्यांचं म्हणणं, आणि चूक ज्याची त्याने ती दुरुस्त करावी, दुसऱ्याच्या चुकीसाठी त्या खुर्ची हलवणार नव्हत्या. शेवटी एसी हलला नाही आणि त्याही हलल्या नाहीत.

त्या कोणालाही नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. मी पुणेकर. सेल्समधला एक हरहुन्नरी पोरगा भांडुप. गोदाम सांभाळणारे गृहस्थ कोट्टायम आणि ट्रकवाला पेशावर. मालक मूळचे कच्छचे, त्यांना तोंडावर सर आणि पाठीमागे भुज. "भुज आज गरम आहे, लांब राहा," असं सांगत त्या शांतपणे स्वतःच त्यांच्या केबिनमध्ये शिरायच्या आणि पाच मिनिटांनी सही घेऊन बाहेर यायच्या. मालक त्यांना टरकून असत. कंपनीत तेवढं एकच गुपित सगळ्यांना माहीत होतं.

खाली एका मल्याळी माणसाची कॅफेटेरिया होती. तिथला कडक चहा प्याल्याशिवाय आमचा दिवस सुरू व्हायचा नाही. बाकी सगळे चहा पिऊन नाणी टाकून निघायचे. मॅडमना बिल लागायचं, आणि बिलावर व्हॅटचा नोंदणी नंबर लागायचा. सुरुवातीला त्या माणसाने सुटका करून घ्यायची म्हणून म्हटलं, मॅडम, आपका चाय फ्री. झालं, त्या खवळल्या. "फ्री नहीं चाहिए, हबीबी. बिल चाहिए. तू मेरे से टॅक्स लेता है, तो वो गवर्नमेंट को जाता है कि तेरे गल्ले में, इतना तो मालूम होना चाहिए ना?" तो बिचारा पुढच्या आठवड्यात छोटं बिलिंग मशीन घेऊन आला. पहिलं बिल त्याने मॅडमनाच दिलं, दोन्ही हातांनी, देवाला हार घालावा तसं.

हे ऐकून कोणाला वाटेल की बाई कटकटी होत्या. होत्याच. पण कटकटी माणसं स्वतःपुरती कटकट करतात. मॅडम सगळ्यांची करायच्या, आणि मोबदल्यात काही घ्यायच्या नाहीत. शनिवारी सकाळी त्यांच्या शारजाच्या रोल्लातल्या फ्लॅटवर चपलांचा ढीग पडलेला असायचा. खाली साड्यांची आणि मोबाइलची दुकानं, वर तिसऱ्या मजल्यावर मॅडम. दुसऱ्या खोलीत एक नर्स भाड्याने राहायची, ती बहुतेक ड्युटीवर. बाहेरच्या खोलीत डायनिंग टेबल, त्यावर कागदाची गुंडाळी लावलेला जुना कॅल्क्युलेटर, आणि समोर रांगेत बसलेले आपले लोक. कोणाच्या गावच्या बँकेने व्याजावर भलताच टॅक्स कापलेला. कोणाचा भाडेकरू टॅक्स कापून भरतच नसे. कोणाच्या पॅनवर दुसऱ्याचंच उत्पन्न चढलेलं. सगळ्यांचा एकच प्रश्न, "मॅडम, जरा बघा ना, हे बरोबर आहे का?"

आणि मॅडम बघायच्याच नाहीत! ही त्यांची सगळ्यात मोठी खोड. तुम्ही कागद पुढे सरकवलात की त्या तो तुमच्याकडेच परत सरकवायच्या. म्हणायच्या, "मोठ्याने वाचा." वरच्या पहिल्या शब्दापासून खालच्या शेवटच्या आकड्यापर्यंत तुम्हीच वाचायचं. त्या कागदाकडे ढुंकूनही बघत नसत, तुमच्या तोंडाकडे बघत राहायच्या. शिकलेसवरलेले लोक, मोठ्या बँकेतले अधिकारी, त्या टेबलाशी बसून पहिलीतल्या मुलासारखे वाचायचे. मग मध्येच मॅडम बोट वर करायच्या. "हे परत वाचा." आणि तिथेच चूक सापडायची.

मी एकदा विचारलं, की तुम्हाला न बघता कळतं कसं. त्यांना प्रश्नच बावळट वाटला. म्हणाल्या, "अहो पुणेकर, सिंपल आहे. माणसाला जे समजलंय ते तो सावकाश वाचतो. समजलं नाही की स्पीड वाढवतो. चूक नेहमी त्या स्पीडमध्ये असते."

तेव्हापासून मी घरात वीजबिलसुद्धा सावकाश वाचायला लागलो. बायकोने विचारलं, तुमची तब्येत बरी आहे ना.

चूक आपल्या फायद्याची असली तर? इथे बहुतेकांचं तत्त्वज्ञान डळमळतं. मॅडमचं डळमळत नसे. भांडुपने दुसरी नोकरी धरली तेव्हाची गोष्ट. नोकरी सोडताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीचा हिशोब कंपनीच्या एचआरने केला आणि चुकून मूळ पगाराऐवजी भत्त्यांसकट पूर्ण पगारावर केला. भांडुपला आकाश ठेंगणं झालं. तो ऑफिसभर नाचत सांगत सुटला आणि दुर्दैवाने मॅडमनाही सांगून बसला. मॅडमनी त्याला समोर बसवलं आणि म्हणाल्या, वाच.

"मॅडम, जाऊ द्या ना यार. भुजचे पैसे आहेत, तुमचे थोडीच आहेत?"

"वाच."

त्याने वाचलं, भराभर. मॅडमनी बोट वर केलं. तो अक्षरशः हात जोडायला लागला. मॅडम ऐकेनात. "उद्या ऑडिटमध्ये निघालं की तुझ्या नव्या ऑफिसात फोन जाईल. पहिल्याच महिन्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही तुला." ग्रॅच्युइटी खाली आली. भांडुपने मॅडमशी बोलणं टाकलं. दोन दिवसांनी मॅडम त्याची रजेची फाइल घेऊन भुजच्या केबिनमध्ये गेल्या, कारण न घेतलेल्या रजेचे पैसे धरायचे एचआर साफ विसरलं होतं. सगळा जमाखर्च होऊन भांडुपच्या हातात आधीपेक्षा अकरा दिरहॅम जास्त पडले. "इलेव्हन दिरहॅम! म्हणजे अडीचशे रुपये!" तो मला फोनवर ओरडून सांगत होता. "एवढं रडवलं आणि अडीचशे रुपये!" पण निरोपाच्या दिवशी केक मात्र त्याने मॅडमच्याच हातून कापून घेतला.

माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. एका शनिवारी मी तिला मॅडमकडे घेऊन गेलो, घरी कोणी नव्हतं म्हणून. मॅडमनी तिला खाऊचे पैसे किती मिळतात विचारलं आणि त्यावर टॅक्स कसा बसेल ते शिकवलं. कारटीने घरी येऊन आईला सांगितलं, "आई, आय अ‍ॅम इन द झीरो स्लॅब." गाडीत मला म्हणाली, "बाबा, शी इज स्केरी. बट आय लाइक हर." मलाही यापेक्षा नेमकं काही सुचलेलं नाही.

एकदाच मी मॅडमना हिशोब विसरलेलं पाहिलं. भांडुप अजून कंपनीत असताना ऑफिसची सहल खोर फक्कानला, पूर्वेकडच्या समुद्रावर, गेली होती. डोंगर, बोगदे ओलांडून आम्ही किनाऱ्यावर उतरलो. पुरुष मंडळी कोळसे पेटवण्यात गुंतली, बायका चटया अंथरत होत्या. मॅडम एकट्याच पाण्याच्या कडेला उभ्या होत्या. लांबवर बंदरातल्या क्रेन दिसत होत्या, तेव्हा मला वाटलं, बाई कंटेनर मोजतायत. थोड्या वेळाने बघतो तर मॅडम नाहीत. स्वेटर तेवढा वाळूवर नीट घडी करून ठेवलेला. आमची सगळ्यांची पाचावर धारण बसली. कोट्टायम कमरेएवढ्या पाण्यात धावले. तेवढ्यात भांडुपने बोट दाखवलं. खूप आत, दोरीने बांधलेल्या तरंगत्या बोयांच्या जवळ, एक पांढरं डोकं पाण्यावर निवांत चाललं होतं. पंजाबी ड्रेस घातलेल्या मॅडम हात मारत होत्या, सावकाश, जणू रोज तिथेच पोहतात. बाहेर आल्यावर भुज त्यांच्यावर ओरडले. जन्मात पहिल्यांदा ओरडले असावेत. मॅडम केस पिळत म्हणाल्या, "सर, आमचं घर समुद्राला लागून होतं. चालायच्या आधी पोहायला शिकलोय आम्ही." होतं, असं म्हणाल्या. मी तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नाही. घराबद्दल त्या एरवी बोलतच नसत. आई-वडील लवकर गेले आणि सर्वांत थोरल्या म्हणून धाकट्यांना मार्गी लावलं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. धाकटे आता कॅनडात की कुठेसे होते.

आता माझ्या घरची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय मॅडम पुऱ्या होत नाहीत.

पुण्यात वारज्याला माझ्या नावावर एक छोटा फ्लॅट आहे, भाड्याने दिलेला. त्या भाड्यापायी दर वर्षी माझं रिटर्न भरावं लागतं. ते काम बाबा करायचे. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या घरात, हिशोबाला पक्के. कागद ते जमवायचे आणि त्यांच्याच वयाचे एक सल्लागार भाडं आणि व्याज तेवढं धरून रिटर्न भरून टाकायचे. मी फक्त ओटीपी सांगायचो. गेल्या काही वर्षांत मी माझ्या टॅक्ससाठी केलेलं हे एकमेव काम. मॅडमसमोर रोज बसत होतो, पण बाबा बघतात म्हटल्यावर त्यांना दाखवायचं कधी मनातच आलं नाही.

त्या वर्षी सल्लागारांनी ऑफिस बंद केलं आणि कागद एका तरुण मुलाकडे गेले. हुशार मुलगा. त्याने माझ्या बँकखात्याचं स्टेटमेंट बघून विचारलं, काका, दर महिन्याला ही एवढी रक्कम कुठून येते? बाबांनी खरं ते सांगितलं, मुलाचा पगार. त्या मुलाने तो सगळा पगार उत्पन्नात धरला, हिशोब मांडला आणि बाबांना मेल केला. भरायचा टॅक्स साडेसात लाख. मी आयुष्यात पहिल्यांदा उलटा हिशोब केला, रुपयांवरून दिरहॅमवर. एकतीस हजार.

मला पैशांपेक्षा बाबांच्या आवाजाची धास्ती वाटली. फोनवर ते ओरडले नाहीत. अगदी हळू म्हणाले, "आपल्या घरात आजवर कोणी सरकारचं बुडवलेलं नाही. तू काळजी करू नकोस. मी एफडी मोडतो. बँकेत बोललोय, सोमवारी या म्हणालेत." ती एफडी म्हणजे आईच्या आणि त्यांच्या दुखण्याखुपण्याची सगळी तजवीज. मी म्हटलं, अहो बाबा, मी पाठवतो ना. तर म्हणाले, "चूक माझ्या हातून झाली असणार, दर वर्षी कागद मीच देतो. मीच भरणार." आईने नंतर चोरून फोन केला. दोन दिवस ते नीट जेवले नव्हते. कपाटातली जुनी चलनं काढून बसत होते.

शनिवारी सकाळी मी मॅडमच्या दारात हजर. रांगेतल्या लोकांना त्यांनी मला बघून थांबवलं. माझा चेहराच तसा झाला असावा.

"मॅडम, मी भरून टाकतो. इथून लोन काढतो. यल्ला, भरलं की खलास. बाबांची एफडी तेवढी वाचली पाहिजे."

"भरायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "भरलं म्हणजे कबूल केलं. मग दर वर्षी भरा. वाचा."

मी मोबाइलवर तो हिशोब उघडला आणि वाचायला लागलो. भाड्याचं उत्पन्न, त्यातून मिळणारी सूट, व्याज, पगार, स्लॅब, सेस. मी प्रत्येक आकडा सावकाश वाचला, मॅडमनी शेजारी कॅल्क्युलेटर चालवला. बोट काही वर होईना. शेवटचा आकडा आला. मॅडमनी कागदाची पट्टी फाडली आणि माझ्यासमोर ठेवली. तोच आकडा, रुपयासकट.

मी पट्टी हातात घेतली. "म्हणजे बरोबर आहे?"

"हिशोब फर्स्ट क्लास आहे. पोराने एक पै चुकवलेली नाही. कोणाचा हिशोब आहे ते वाचलं नाहीत तुम्ही. एकदम भाड्यापासून सुरुवात केलीत. वरचं वाचा."

वरचं म्हणजे नाव-गाव. ते कोण वाचतं? मी वाचलं. नाव. पॅन. पत्ता, आई-बाबांच्या सिंहगड रस्त्यावरच्या घराचा. जन्मतारीख. दर्जा, निवासी.

बोट वर गेलं.

"पुणेकर, आत्ता तुम्ही कुठे बसलाय?"

"तुमच्याकडे."

"माझं घर कुठे आहे?"

"रोल्ला. शारजा."

"आणि शारजा कुठे आहे? हडपसरच्या पुढे?"

मागे रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. एखाद्या मुलाला पाढा समजावावा तसं त्यांनी मला समजावलं. निवासी माणसाला जगात कुठेही कमावलेल्यावर भारतात टॅक्स, अनिवासी माणसाला फक्त भारतात कमावलेल्यावर. माझी वर्षातली एका महिन्याची सुट्टी सोडली तर मी भारतात असतोच कुठे? तेव्हा पगार काढायचा, भाडं आणि व्याज ठेवायचं. त्यांनी परत कॅल्क्युलेटर चालवला. भाडेकरूने कापलेला टॅक्स वजा जाता उलट थोडा परतावाच निघत होता. रिटर्न अजून भरलेलं नव्हतं, तेव्हा काहीच बिघडलेलं नव्हतं. मागच्या वर्षांतही तोच शब्द पडला असणार, ते शोधून जमेल तेवढं दुरुस्त करायचं आणि बँकेतलं खातं अनिवासी करून घ्यायचं, हेही त्यांनी बजावलं. विमानतळावरच्या स्मार्ट गेटमुळे हल्ली पासपोर्टवर शिक्के पडत नाहीत, म्हणून येण्या-जाण्याचा सरकारी दाखला काढायला सांगितला. पाच मिनिटांत डोंगर सपाट. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"त्या पोराने डोळे झाकून निवासी टाकलं!" मी म्हटलं. आता मला जोर चढला होता. "थांबा, बाबांना सांगतो, आणि त्याला चांगला फैलावर घेतो."

मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. बाबा फोन हातात धरतात तो असा, की आम्हाला पंखा दिसतो आणि बाबा ऐकू येतात. मी पंख्याला सगळं सांगितलं. एफडी मोडायची नाही, भरायचं काही नाही, त्या मुलाने एक शब्द चुकीचा टाकलाय, निवासी.

पंखा फिरत राहिला. मग बाबा म्हणाले, "त्याने नाही टाकला. त्याने मला माहितीचा कागद भरायला दिला होता. मी लिहिलं. दर वर्षी मीच लिहितो."

"अहो पण बाबा, का?"

"मग काय लिहू?" आता आवाज चढला. "तुझी खोली आहे इथे. तुझं कपाट आहे. दारावरच्या पाटीवर माझ्या खाली तुझं नाव आहे. त्या मुलाने विचारलं, मुलगा कुठे राहतो. मी सांगितलं, इथेच. कामाला तिकडे असतो."

इतकी वर्षं मी तिकडे संसार केला, मुलगी तिथल्या शाळेत वाढली, आणि बाबांच्या लेखी मी सकाळी डबा घेऊन कामाला गेलेला होतो. रांगेतल्या प्रत्येकाच्या गावी अशी एक पाटी असणार.

मॅडमनी माझ्या हातून फोन घेतला. मला वाटलं, निदान आता त्या सौम्य बोलतील. छे!

"नमस्कार काका. मी ह्यांच्या ऑफिसातली. तुमचं उत्तर चुकलंय. मन कुठे आहे ते फॉर्ममध्ये विचारलेलं नाही. पाय कुठे आहेत ते विचारलंय."

"अहो मॅडम, ऐंशी वर्षांच्या माणसाने लिहून द्यायचं का, की माझा मुलगा माझ्या घरी राहत नाही?"

"हो. लिहून द्यायचं. सरकारला द्यायचं. घरात तो राहतो की नाही ते सरकार ठरवत नाही, तुम्ही ठरवता. त्याची खोली कोणी मागत नाहीये, काका. पण हा शब्द असाच राहिला तर सोमवारी एफडी मोडेल, आणि पुढच्या वर्षी मोडायला एफडी नसेल. कागद आहे का जवळ? लिहा, अनिवासी."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, खण उघडल्याचा आला. आई काहीतरी विचारत होती, बाबा तिला थांब म्हणाले. पेन चालत नव्हतं बहुतेक, त्यांनी ते झटकलं. आम्ही सगळे एका पंख्याकडे बघत बसलो होतो, रांगेतले लोकसुद्धा उठून मागे येऊन उभे राहिले होते. मला त्या क्षणी वाटून गेलं, बाबांनी नको लिहायला. भरू या साडेसात लाख.

"लिहिलं," बाबा म्हणाले. मग पहिल्यांदाच फोन नीट समोर धरला. पडद्यावर त्यांचा चेहरा आला, दाढी वाढलेली. त्यांनी मला नाही, मॅडमना पाहिलं. "माफ करा. मी नियमाने वागणारा माणूस आहे, पण एवढा एक शब्द इतकी वर्षं चुकीचा लिहीत आलो. तुम्हाला हसू येत असेल."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चूक पकडल्यावर त्या नेहमी ताठ व्हायच्या, आज तशा झाल्या नाहीत.

"नाही काका. हसू कशाला येईल? माझा फॉर्म पहिल्या वर्षापासून बरोबर आहे. एकदाही चुकलेला नाही. माझ्यासाठी असं चुकीचं लिहील असं घरी कोणी नव्हतंच ना."

त्या हे अगदी साध्या आवाजात बोलल्या, टॅक्सचा एखादा नियम सांगावा तशा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी लपवलंही नाही. बाबांनी खाकरून घसा साफ केला. ते आता काहीतरी समजुतीचं बोलणार असं मला वाटलं, पण बाबांना तसलं बोलता येत नाही.

"तुमचा फॉर्म कोण तपासतं?" त्यांनी विचारलं.

"माझा? कोणी नाही. मीच."

"हे बरोबर नाही. आपलं आपण तपासलं तर चूक दिसत नाही. पुढच्या वर्षी भरायच्या आधी माझ्याकडे पाठवून द्या, ताई. मी बघत जाईन."

मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. इतक्या वर्षांत त्यांनी आपला एक कागद कोणाला दाखवल्याचं मला आठवत नाही.

"पाठवते," त्या म्हणाल्या.